तो शब्द मागे घ्या

‘‘हा विषय? आणि दिवाळी अंकात?’’ संपादकांनी विचारले आणि फोनवर बराच वेळ गप्प राहिले. त्यांची अडचण मला समजते. हा अंक फराळाच्या ताटाशेजारी पडलेला असतो. आजी चाळते, सून वाचते, दहावीतला नातू शब्दकोडे सोडवायला घेतो. मी त्यांना एवढेच म्हटले, की ज्या घरांत हा अंक जातो त्याच घरांतली माणसे छत्तीस वर्षे माझ्या दुकानाच्या काउंटरवर येऊन या विषयावर कुजबुजत आली आहेत. त्यांनी होकार दिला. आनंदाने दिला असे मी म्हणणार नाही.

विषय असा : पुरुषाच्या इंद्रियाला शरीरसंबंधासाठी लागणारी ताठरता न येणे, किंवा आली तरी न टिकणे. एखाद्या रात्रीचे नव्हे, महिनोन् महिने. बस्स. एका वाक्यात मावणारी ही तक्रार आहे. पण आपल्याकडे ती वाक्यात कुणी सांगत नाही, आणि दुसऱ्या कुणाविषयी सांगायची झाली तर एका शब्दात सांगतात. त्या शब्दाविरुद्ध हा लेख आहे.

माझे औषधाचे दुकान बेळगावात, १९८१ साली सुरू केलेले. २०१७ पासून मुलगा बघतो. औषधाच्या दुकानात गुपिते फार. कुणाला मूळव्याध, कुणाला फिट्स, कुणाच्या मुलीचे काय, सगळे आम्हाला ठाऊक असते आणि आम्ही ते पोटात ठेवतो. पण या एका दुखण्याची तऱ्हाच निराळी. गिऱ्हाईक आधी क्रोसिन मागतो, मग बाम मागतो, मग दुकानातली बाई निघून जाईपर्यंत रस्त्याकडे बघत उभा राहतो, आणि मग काउंटरच्या टोकाला येऊन म्हणतो, ‘‘मामा, जरा इकडं या की.’’

इथे आमच्या जिल्ह्याची एक गंमत सांगायलाच हवी. मराठी माणूस डोकेदुखीची गोळी मराठीत मागतो, पोराच्या खोकल्याचे औषध मराठीत मागतो. हे औषध मागायचे झाले की तो एकदम हिंदीवर उतरतो, ‘‘कुछ ताकद का है क्या?’’ नाहीतर कन्नडवर, ‘‘शक्ती गुळिगी कोड्री.’’ आणि कन्नड घरातला माणूस याच कामासाठी आला, की माझ्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायचा! पहिली काही वर्षे मला वाटे हा योगायोग असेल. नंतर मी कान देऊन ऐकू लागलो. लाज परक्या भाषेत थोडी हलकी होत असावी. दुभाषी मुलखात राहण्याचे पुष्कळ फायदे सभासंमेलनांतून सांगितले जातात. हा फायदा कुणी सांगितलेला मी ऐकला नाही.

आता तो शब्द. षंढ. त्याचे भाऊबंद नामर्द, नपुंसक, आणि ‘बांगड्या भर’ हा त्यांचा मावसभाऊ. शाळकरी वयापासून मी सीमाप्रश्नाच्या सभांना जातो. सतरा जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला उभा राहिलो आहे, एक नोव्हेंबरच्या फेरीत काळी फीत लावून चाललो आहे. त्या लढ्याबद्दलची माझी निष्ठा कुणी तपासू नये. पण त्या सभांतून ‘हे षंढ सरकार’ किती वेळा ऐकले याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या, त्यांत माझ्याही होत्या. मंत्र्याला बांगड्यांचा आहेर पाठवायचे ठराव मी हात वर करून संमत केले आहेत. पलीकडच्या कन्नड व्यासपीठावरही याहून वेगळे चालत नाही. तिथे ‘षंड’ म्हणतात, ‘ढ’चा ‘ड’ होतो एवढाच फरक. या एका शब्दापुरता महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात सीमावाद नाही.

वाचकहो, टाळ्या वाजवणाऱ्या त्या मांडवात कोण बसलेले असते? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात चाळीस ते सत्तर वयाच्या बाराशे नव्वद पुरुषांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ५२ टक्के पुरुषांना ही तक्रार कमीअधिक प्रमाणात होती; पूर्णपणे असमर्थ झालेले सुमारे १० टक्के. ते आकडे तिकडचे, हे मान्य. आमच्याकडे घराघरांत पसरलेला मधुमेह पाहता इथले आकडे फार दिलासा देणारे निघतील असे मला वाटत नाही, कारण मधुमेही पुरुषांत निम्म्याहून अधिकांना हा त्रास होतो असे जगभरच्या पाहण्या सांगतात. म्हणजे वक्ता जेव्हा ‘षंढ’ म्हणून गर्जतो तेव्हा समोरच्या सतरंजीवर बसलेल्या पन्नाशीच्या कितीतरी माणसांच्या थोबाडीत बसते. तेही हसतात, टाळ्या देतात, आणि घरी जाऊन सोप्यात अंथरूण टाकतात.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९२ च्या डिसेंबरात तज्ज्ञांची एक परिषद भरवली. तिने आधी शब्दाला हात घातला. ‘इम्पोटन्स’ म्हणजे शक्तिहीनता हा शब्द सबंध माणसाला नालायक ठरवतो, त्याऐवजी त्या एका क्रियेतला बिघाड एवढेच सांगणारे नाव वापरा, असे तिने सुचवले, आणि डॉक्टरांनी ते मानले. डोळ्यात मोतीबिंदू झालेल्याला आपण ‘दृष्टिहीन कुळाचा’ म्हणत नाही. गुडघे गेलेल्या माणसाला सभेत शिवीसारखे वापरत नाही. मराठीत ‘ताठरतेचा दोष’ म्हणा, ‘स्तंभनदोष’ म्हणा, नुसते ‘तो त्रास’ म्हटले तरी माझी हरकत नाही. माणसाचे नाव दुखण्याला द्यायचे नाही आणि दुखण्याचे नाव माणसाला द्यायचे नाही.

आणि हे दुखणेच आहे. औषधविक्रेत्याला झेपेल तेवढ्या साध्या भाषेत सांगतो. इच्छा उत्पन्न झाली की मेंदूकडून मज्जातंतूंवाटे निरोप खाली जातो. तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सूक्ष्म प्रमाणात सुटतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरते, आणि बाहेर जाण्याच्या वाटा दाबल्या गेल्यामुळे काही काळ तिथेच थांबते. पाटाचे पाणी वाफ्यात सोडावे आणि दार धरावे, तसे. यात मर्दुमकी कुठे आली? शिवरायांचा मावळा आणि दुकानात उधारी मागणारा भित्रा माणूस, दोघांच्याही बाबतीत वायू तोच आणि पाटही तोच.

पूर्वी डॉक्टरही म्हणत, हा सगळा मनाचा खेळ. तो समज ज्यांनी हलवला त्यांत ब्रिंडली नावाचे एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. १९८३ साली लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी, व्याख्यानाला येण्यापूर्वी स्वतःलाच एक इंजेक्शन टोचून घेतले, आणि रक्तवाहिन्या सैल करणारे औषध दिले की मनात काही नसतानाही शरीर आपले काम करते, याचा पुरावा सभेपुढे उभा राहून दाखवला. तपशील दिवाळी अंकात नको. सभेला आलेल्या बायका किंचाळल्या म्हणतात; तरी विज्ञान एक पाऊल पुढे गेले ते खरेच. पुढे १९९८ साली नायट्रिक ऑक्साइडच्या कामाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलच्या गोळीला परवानगी मिळाली. ही गोळी मुळात ब्रिटनमध्ये छातीच्या कळेवर तपासली जात होती. छातीला तिचा फारसा उपयोग दिसेना, पण तपासणीला आलेल्या पुरुषांनी दुसराच अनुभव सांगितला.

छाती आणि हे दुखणे यांचे नाते असे मुळापासूनचे आहे, आणि माझ्या सगळ्या तळमळीचे कारण तेच आहे. इंद्रियाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन-चार मिलिमीटरच्या. साखर, वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांनी वाहिन्यांत गाळ बसू लागला की बारीक पाट आधी बुजणार आणि मोठा नंतर, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. म्हणून पुष्कळ पुरुषांत हा त्रास छातीत पहिली कळ येण्याच्या दोन-तीन वर्षे आधी सुरू होतो. शरीर अगोदर वर्दी देते. दोन-तीन वर्षे! तेवढ्यात साखर आटोक्यात येते, तंबाखू सुटते, माणूस वाचतो. आपण मात्र त्या वर्दीला नाव दिले षंढ, आणि ज्याला ती मिळाली त्याने ती उशीखाली लपवली.

तंबाखूचे नाव काढले म्हणून निपाणी-चिकोडीकडचे मित्र रागावतील. त्या मातीतल्या पिकाने आमच्या भागातली किती घरे उभी केली ते मला माहीत आहे. १९८१ च्या आंदोलनात त्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. त्या कष्टांचा अपमान मी करणार नाही. पण जी मळून आपण दाढेखाली धरतो किंवा विडीत ओढतो ती रक्तवाहिन्या आकसवते, हे सत्य पीक आपल्या मातीतले आहे म्हणून बदलत नाही.

मग माणूस जातो कुठे? डॉक्टरकडे नाही. रेल्वेरुळांकडेच्या भिंती वाचा, एस. टी. स्टँडच्या मुतारीतली पत्रके वाचा. हमरस्त्याला तंबू ठोकून बसलेले ते जडीबुटीवाले पाहा, बरण्यांत मुळ्या आणि पुढ्यात फोटो. १९५४ साली संसदेने औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. संभोगशक्ती वाढवण्याची आणि नपुंसकत्व बरे करण्याची जाहिरात त्याने गुन्हा ठरवली, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. इतकी वर्षे झाली. भिंतींवरचा रंग दर पावसाळ्यानंतर नवा होतो. या लोकांचा सगळा धंदा आपल्या एका शब्दावर उभा आहे. ‘नामर्द’ ही शिवी समाजाने फुकट द्यायची आणि ती पुसण्याचे पैसे त्यांनी घ्यायचे.

खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून एक पोरगा आला होता, लग्नाला सव्वा महिना झालेला. पहिल्या रात्री दाराबाहेर भावकीतली टवाळ पोरे बसलेली, आत हा घाबरलेला. व्हायचे तेच झाले. मग तंबूवाल्याने ‘धातू गेली’ म्हणून तीन महिन्यांचा कोर्स दिला; त्यासाठी घरातली दुभती म्हैस विकली होती. मी त्याला एकच गोष्ट विचारली, सकाळी जाग येते तेव्हा काय असते? तो खाली बघून म्हणाला, तेव्हा सगळे ठीक असते. मग बाबा, पाट वाहतो आहे, तुझी भीती दार अडवते आहे! एका भल्या डॉक्टरांकडे पाठवले, त्यांनी नवराबायकोला दोघांनाही समोर बसवून समजावले. दोन वर्षांनी तो बारशाचे पेढे घेऊन आला. म्हैस काही परत आली नाही. पन्नाशीपुढच्या माणसाला मी हाच प्रश्न विचारी, आणि सकाळचेही बंद झाले आहे असे कळले की म्हणे, ‘‘उद्या उपाशीपोटी रक्त देऊन या.’’ बहुतेकांत शरीर आणि मन एकमेकांत गुंतलेले असते, पण तपासणीची सुरुवात रक्तापासूनच करावी.

त्याहून भयंकर प्रकार ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलांचा. अशा मालात चोरून सिल्डेनाफिल मिसळलेले देशोदेशींच्या औषध खात्यांना पुन्हा पुन्हा सापडले आहे. म्हणून तर त्या ‘मुळी’चा गुण तासाभरात येतो! आता छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट धरणाऱ्या माणसाने ती घेतली तर? दोन्ही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की रक्तदाब विहिरीत दगड पडावा तसा खाली जातो. हे मी पुस्तकातले सांगत नाही.

आता स्वतःविषयी. इथवर गिऱ्हाइकांची गुपिते नावे न घेता वापरली; आपले लपवून ठेवणे बरे दिसत नाही.

२००७ साली मी बावन्न वर्षांचा होतो. दुकान जोरात, मुलगा फार्मसी शिकत होता, मुखात सदैव पान आणि पानात तंबाखू. त्या वर्षी हा त्रास सुरू झाला. मी काय करायला हवे होते ते मला डॉक्टरांइतकेच ठाऊक होते. माझ्याच दुकानात साखर तपासण्याच्या पट्ट्या मी विकत होतो. एक स्वतःसाठी फोडली नाही. मी सौ.ला म्हटले, दुकानाचा ताण आहे. मग म्हटले, पाठ धरते, खाली सोप्यात झोपतो. घरात लहानसहान गोष्टींवरून ओरडू लागलो. आमटीत मीठ कमी, फाटकाची कडी का लावली नाही. मुलाने दुकानात सुचवलेली प्रत्येक गोष्ट मला माझा अपमान वाटे. आता आठवले की कळते, त्या दोन वर्षांत मी सगळीकडे एकच प्रश्न ऐकत होतो, जो मला कुणीच विचारलेला नव्हता. मित्रांत बसणे सोडले, कारण मित्रांत विनोद होतात आणि विनोद कशावर होतात ते आपल्याला ठाऊकच आहे.

शेवटी कपाटातली गोळी घेतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जी दुसऱ्याला द्यायची नाही ती चिठ्ठीशिवाय स्वतःला दिली. गुण आला, आणि तीच चूक झाली. गुण आल्यामुळे आता तपासणी नकोच असे वाटले. पट्टी मी चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवत असे.

२००९ च्या फेब्रुवारीत एका सकाळी जिना चढताना छातीत आवळल्यासारखे झाले, घाम फुटला. मुलाने रिक्षात घालून इस्पितळात नेले, सौ. बरोबर. ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, कन्नड घरातला, पण माझ्याशी काळजीने मराठीत बोलत होता. त्याने नेहमीचे प्रश्न विचारले आणि मग आवाज खाली आणून विचारले, ‘‘काका, ती ताकदीची गोळी वगैरे काल-परवा घेतलीत का?’’ तो का विचारतो आहे हे त्या खोलीत त्याच्याखालोखाल मलाच चांगले कळत होते. आदल्या रात्री अकरा वाजता घेतली होती. पायथ्याशी मुलगा उभा. आणि मी म्हणालो, ‘‘इल्ला.’’

कन्नडमध्ये. प्रश्न मराठीत होता. त्या पोराला हिंदीत ताकद मागणारी, मराठीत शक्ती मागणारी माझी सगळी गिऱ्हाइके त्या क्षणी माझ्या तोंडात येऊन बसली होती. मातृभाषेत मला ते खोटे बोलवले नाही.

नर्सने जिभेखाली गोळी ठेवली. काही मिनिटांत खोली लांब जाऊ लागली. नंतर कळले की वरचा रक्तदाब सत्तरपर्यंत उतरला होता. त्या धावपळीत मला एकच आवाज स्पष्ट ऐकू आला, सौ.चा. ‘‘डॉक्टर, यांनी काल रात्री ती गोळी घेतली आहे. मला माहीत आहे.’’ मुलासमोर, नर्ससमोर, पडद्यापलीकडच्या अनोळखी पेशंटसमोर, खणखणीत. त्यांनी माझे पाय उंच केले, शिरेतून सलाईन सोडले, पुढच्या औषधांची दिशा बदलली. मी जगलो. हृदयाच्या एका वाहिनीत स्टेंट बसला. साखर २८० निघाली.

त्या डॉक्टरांनी जाताना विचारले, हा त्रास कधीपासून? दोन वर्षांपासून, मी म्हणालो, या खेपेला मराठीत. ते म्हणाले, ‘‘तेव्हाच एकदा आला असतात तर.’’ वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

घरी आल्यावर मी सौ.ला विचारले, तुला डबी कधी सापडली? दीड वर्षापूर्वी. मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, ‘‘आधी वाटलं तुमचं बाहेर कुठे तरी आहे. मग मी गोळ्या मोजायला लागले. कमी होत होत्या त्या घरातल्या घरातच. तेव्हा निश्चिंत झाले. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.’’ त्या आधी पाच महिने तिने एकटीने काय सोसले, आपल्यातच काही कमी पडले, आता आपण नकोशा झालो असे तिला किती रात्री वाटले, ते मी इथे लिहिणार नाही. ती हकीकत तिची आहे. पण वाचणाऱ्या बायांना सांगतो, नवरा सोप्यात झोपायला गेला की दर वेळी तुमच्यातच काही उणे आहे असे धरून चालू नका. विचारा. पुरुषाला हा प्रश्न ऐकायचा नसतो आणि त्याच्याइतकी दुसऱ्या कशाची त्याला गरजही नसते.

आक्षेप मला पाठ आहेत. पहिला वडीलधाऱ्यांचा : पन्नाशीनंतर कसले हे चाळे, देवाधर्माकडे लक्ष द्या. ज्याला खरोखर मन काढून घ्यायचे असेल त्याने खुशाल घ्यावे, त्याला कुणी गोळी भरवत नाही. पण धमनीला वानप्रस्थ कळत नाही. ती बुजते आहे की नाही ते तपासल्यावर मग पंढरीला जा. दुसरा आक्षेप, हे शहरी, परदेशी खूळ. म्हैस विकणारा तो पोरगा कुठल्या परदेशातला होता? तिसरा, घरच्या मुलांच्या हाती असे लेखन पडू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवले. वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला हरले. त्या काळात छापता येत होते ते आज आपल्याला फराळाच्या ताटाशेजारी नको वाटते. मुलांचे म्हणाल तर एस. टी. स्टँडची मुतारी त्यांनी वाचलेलीच आहे.

एक चौथी गोष्ट, ती आक्षेप म्हणून कुणी सांगत नाही पण घरोघर करतात. मूल झाले नाही की सुनेला वांझ म्हणायचे, आणि तिच्यात दोष नाही असे ठरले की मुलाला नामर्द. ताठरतेचा दोष निराळा आणि मूल न होणे निराळे. ज्याला काहीच त्रास नाही अशा पुरुषाच्या वीर्यात बीज नसू शकते, आणि ज्याला त्रास आहे त्याच्या वीर्यात भरपूर असू शकते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जोडीदाराच्या असमर्थतेमुळे संबंधच न झालेला विवाह रद्द करता येतो एवढेच म्हटले आहे. मूल न होण्याचा तिथे उल्लेख नाही. कायद्याला कळलेला हा फरक आत्याबाई-मावशींना कळायला हरकत नाही.

उपाय आहेत, आणि फार अवघड नाहीत. साखर, रक्तदाब, चरबी तपासावी. डॉक्टरांना वाटले तर टेस्टोस्टेरॉनही. घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी दाखवावी, कारण रक्तदाबाची काही औषधे आणि नैराश्यावरची काही औषधे यांनीही हा त्रास होतो. तेवढ्यासाठी ती आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत, बदलून मिळतात. गोळ्या आहेत, त्या चिठ्ठीने घ्याव्यात. गोळ्या चालत नाहीत त्यांच्यासाठी इंजेक्शन, पंप, शेवटी शस्त्रक्रियाही आहे. माझी तंबाखू सुटली, रोज सकाळी किल्ल्याच्या तळ्याला फेऱ्या मारतो. बाकीचे काय झाले असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर उत्तर असे, की सोप्यातले अंथरूण गुंडाळले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली.

सीमालढ्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती, खरे तर मागणी. येत्या सभेत सरकारला हवे तेवढे धारेवर धरा. नाकर्ते म्हणा, कृतघ्न म्हणा, विश्वासघातकी म्हणा. मराठीला शब्दांचा तुटवडा नाही. षंढ म्हणू नका. आणि बांगड्या पाठवू नका. माझा जीव ज्या हातांनी परत आणला त्या हातांत बांगड्या होत्या.

दुसरी मागणी संपादकांकडे केली होती. या आणि अशाच अंकांच्या मागच्या पानांवर दर वर्षी कुठल्या ना कुठल्या ‘शक्तिवर्धका’ची पाव पान जाहिरात असते, धावत्या घोड्याच्या चित्रासकट. मी म्हटले, यंदा ती असेल तर माझा लेख काढून घ्या. ते अडखळले. अंक कसा निघतो, कागदाचे भाव काय, वर्गणीदार किती उरले, सगळे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. शेवटी जाहिरातीचा दरही सांगितला. तो मी भरला आहे. यंदा घोड्याच्या जागी आमच्या दुकानाच्या दीपावलीच्या शुभेच्छा आहेत. खाली दुकानाची वेळ दिली आहे, आणि दुपारी दोन ते चार गर्दी नसते हेही लिहिले आहे.